रोज घालायचा किल्ट

३ मार्च, सोमवार

स. दहाला नर्स मराइके येऊन गेली. ह्यांची नळी बदलली. ऑक्टोबरच्या ऑपरेशननंतर लघवीची नळी कायमचीच झाली आहे, हे आता तीही लपवत नाही. पिशवी मांडीला पट्ट्यांनी बांधलेली. मराइके म्हणाली, रोज अर्धा तास चालले नाहीत तर पायांतली ताकद जाईल आणि या वयात ती परत येत नाही. ह्यांनी डचमध्ये हो हो म्हटलं. ती गेली तशी लुंगी सावरून पुन्हा खिडकीतल्या खुर्चीत.

हॉस्पिटलच्या फेऱ्या सोडल्या तर २० नोव्हेंबरपासून उंबरा ओलांडलेला नाही.

अडचण पॅन्टची आहे. आतापर्यंत चार झाल्या. नेहमीची: नळी मुडपते, पिशवीत काही उतरत नाही, पोट दुखतं. दोन नंबर मोठी: कमरेवर राहत नाही, पट्टा आवळला की पुन्हा तेच. ट्रॅकपॅन्ट: पिशवी भरली की मांडीवर फुगवटा. शेवटची बाजूला चेन असलेली, खास रुग्णांसाठी केलेली. ती त्यांनी उलगडलीसुद्धा नाही. "मी रुग्ण नाही," म्हणाले आणि पाकिटासकट माझ्या हातात दिली.

लुंगीत सगळं ठीक असतं. पण लुंगीवर या देशात बाहेर कोण जाणार.

५ मार्च, बुधवार

बाजाराला एकटीच. चर्चभोवती वारा असा की छत्रीचा उपयोग नाही. तापमान ४ अंश. चीज, बीट, पालक. मासेवाल्याने ह्यांची चौकशी केली. बरे आहेत म्हटलं. दर बुधवारी तोच प्रश्न, तेच उत्तर. एके दिवशी तो विचारायचं बंद करील.

परतताना जुन्या वस्तूंच्या दुकानासमोर एक माणूस व्हॅनमध्ये खुर्च्या चढवत होता. पन्नाशीचा, दाढी, कामाचे बूट, जाड लोकरी मोजे, आणि गुडघ्यापर्यंतचा करड्या रंगाचा किल्ट, स्कॉटिश पुरुष घालतात तसा. मिरवणुकीतला चौकड्यांचा नव्हे. साधा, खिसे असलेला, धुऊन धुऊन मऊ झालेला. वाकत होता, खुर्च्या उचलत होता, कुठे अडत नव्हतं. मी पिशव्या खाली ठेवून पाच मिनिटं पाहिलं. मग जाऊन विचारलं, तुम्ही हे रोज घालता का?

"रोज, मेव्राउ. पॅन्ट फक्त अंत्यविधीला."

परक्या बाईला इथे मेव्राउच म्हणतात. त्याचं नाव योस्त. दुकानात काम करतो. मी म्हटलं, मला माझ्या नवऱ्यासाठी माहिती हवी आहे, शनिवारी येईन. तो बरं म्हणाला, जणू लोक रोज हेच विचारतात.

एकतीस वर्षं या गावात राहते. अनोळखी पुरुषाला त्याच्या कपड्यांबद्दल आज पहिल्यांदा विचारलं.

६ मार्च

ह्यांना सांगितलं. जेवताना सांगायला नको होतं.

"स्कर्ट घालून फिरू?"

मी म्हटलं, लुंगी काय असते मग? म्हणाले, लुंगी घरात. आणि ताट घेऊन उठले. पुढे रात्री झोपेपर्यंत तीन शब्द. त्यातले दोन मला उद्देशून नव्हते, नळीला होते.

मुक्ताचा अ‍ॅमस्टरडॅमहून फोन. मी मराठीत सांगते, ती डचमध्ये उत्तर देते. पंचवीस वर्षं हेच चालू आहे आणि आमचं अडत नाही. आज मात्र तिचं उत्तर आवडलं नाही. म्हणाली, बाबांना त्यांच्या वेळेने घेऊ दे, तू ढकलू नकोस. आणि सहज बोलल्यासारखं, देखभाल असलेल्या घरांची प्रतीक्षायादी फार मोठी असते, नाव घालून ठेवायला हरकत नाही. दोघांचं की एकाचं, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

८ मार्च, शनिवार

योस्तकडे तासभर. त्याने चहा दिला, मी वही काढली. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली, नोंदीशिवाय ऐकता येत नाही. त्याने सांगितलेलं आणि घरी येऊन वाचलेलं, एकत्र:

आठ वारी शुद्ध लोकरीचा, हाताने शिवलेला: उत्तम, आयुष्यभर टिकतो. किंमत पुण्याच्या विमान तिकिटाएवढी. लग्नकार्याचा. रोजच्यासाठी नको.

सगळ्यात स्वस्त: कार्निव्हलचा माल. कापड रुमालासारखं. चुण्या फक्त इस्त्रीने पाडलेल्या, शिवलेल्या नाहीत. पहिल्या धुण्यात पडदा होतो.

अ‍ॅक्रिलिक: दिसायला लोकर. महिन्याभरात गोळे.

पॉलिएस्टर-व्हिस्कोज मिश्र, पाच वारी: चुण्या कमरेपासून बसण्यापर्यंत शिवलेल्या. मशीनमध्ये धुता येतो, इस्त्री फार नाही, अंगावर वजन पडण्याइतका जड. योस्त म्हणाला, पहिला किल्ट हाच.

जाड सुती, खिसेवाला: योस्त घालतो तो. कामाला उत्तम. भिजला की वाळायला दोन दिवस. दुसरा घ्यायचा तर हा.

आमच्याकडे गळण्याची शक्यता धरून चालायला हवी. म्हणजे धुणं पहिलं. म्हणजे मिश्र कापड. गडद, एकरंगी. चौकडे नकोत. त्या प्रत्येक चौकडीमागे कोणाचं तरी घराणं असतं म्हणे. आपल्याला कोणाच्या घराण्यात शिरायचं नाही.

योस्तने दोनदा बजावलं, पॅन्टचा नंबर देऊ नका. किल्ट बेंबीपाशी बसतो. बेंबीवर घेर, बसण्यावर घेर, बेंबीपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत लांबी. तीन मापं.

११ मार्च

मापं देईनात. दु. खुर्चीत डोळा लागला तेव्हा टेप घेऊन गेले. पोटाभोवतीचं झालं. गुडघ्याकडे जाताना जागे झाले.

"तिरडीचं माप घेतेस का?"

"ते डोक्यापासून घेतात. हे बेंबीपासून आहे."

हसले नाहीत. पण उठून उभे राहिले, हात बाजूला केले. तेवढं पुरलं. बेंबी ९८, बसणं १०४, लांबी ५९. नोव्हेंबरच्या आधी पोट मोठं होतं. हातापायांच्या काड्या झाल्या आहेत. टेप गुंडाळताना नजर वर केली नाही मी.

१२ मार्च

मागवला. रंग विचारला तर म्हणाले, कुठलाही घे, मी घालणार नाही. गडद तपकिरी घेतला. लांब मोज्यांचे दोन जोड. मोजे महत्त्वाचे. योस्तने सुचवलं की मोठी पिशवी पोटरीलाही बांधता येते आणि मोज्यात दिसत नाही. मराइकेला फोन करून विचारलं, ती म्हणाली, चालेल की. मग जरा थांबून म्हणाली, हे कोणाच्या डोक्यातून आलं? माझ्या, म्हटलं. फोनवर असं उत्तर देताना बरं वाटलं. सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

१७ मार्च

काही नाही. पाऊस. हे खिडकीत, मी स्वयंपाकघरात. शेजारीण दारात भेटली, बाहुलीच्या घरासारखं शांत असतं तुमचं घर, म्हणाली. कौतुक होतं.

२१ मार्च, शुक्रवार

पार्सल आलं. मी आधी उलटून शिवण पाहिली. चांगली आहे. चुण्या सरळ, टाके बारीक, बकलांचं चामडं जरा हलकं. कापड हातात घेतलं की खाली ओढतं, तसंच हवं होतं. पैशाच्या मानाने उत्तम.

कोचावर ठेवून मी मुद्दाम वर गेले. जिन्याच्या वळणावरून पाहिलं. हे उठले, चुण्यांवरून बोट फिरवलं, एकेक मोजल्या. सगळं आयुष्य दूध पावडरची यंत्रं लावण्यात गेलं, कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय ह्यांना दिसत नाही. मग पुन्हा होता तसा घडी करून ठेवला. मी खाली आले तेव्हा पेपर वाचत होते. कालचा.

२३ मार्च, रविवार

घातला.

मी काही म्हटलं नव्हतं. नाश्ता झाल्यावर तेच म्हणाले, कसा नेसायचा हा? "नेसायचा" म्हणाले. मी म्हटलं, सोपं आहे, निऱ्या पुढे, बकलं बाजूला. बसवून दिला. मोजे चढवून दिले. बकलांना हात नीट पोचत नव्हता, मला वाटलं शिवणाऱ्याला अक्कल नाही. आरशात पाहिलं. दोघांनीही पाहिलं. वाईट दिसत नव्हते.

मी येऊ का विचारलं तर नको म्हणाले. कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत एकटेच. मी खिडकीत. विद्यार्थिनी सायकलवरून गेल्या, कोणी वळून पाहिलं नाही. पत्रपेटीपर्यंत सगळं ठीक. वळले आणि नदीकडचा वारा मागून आला. मागचा सपाट भाग छत्रीसारखा वर. हे एका हाताने मागे धरून, एका हाताने पुढच्या चुण्या आवरत परत. नऊ मिनिटं. मांडीवरची नळी उघडी पडली. समोरच्या घरातला म्हातारा कुंड्यांना पाणी घालत होता, त्याने मान खाली घातली. डच माणसं सभ्य असतात, मान खाली घालतात.

आत आल्यावर किल्ट खुर्चीच्या पाठीवर. लुंगी.

मी म्हटलं, उद्या मागे पिन लावू.

२६ मार्च, बुधवार

योस्तला घडलं ते सांगितलं. ऐकता ऐकता त्याने कप खाली ठेवला. मग स्वतःच माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. चुण्या मागे, मेव्राउ. पुढे सपाट. पुढच्या सपाट भागावर पिन, त्यावर किल्ल्या-पैशांची कमरेची पिशवी, म्हणजे वारा काही करत नाही.

शंभर तरी फोटो पाहिले असतील मी. सगळ्यांत पुढून सपाट होतं. पाहिलं आणि दिसलं नाही. पंचेचाळीस वर्षं निऱ्या पुढे खोचल्या, आईच्या निऱ्या पुढे, आजीच्याही पुढे, सासऱ्यांच्या धोतराच्याही पुढेच. हाताने डोळ्यांना विचारलं नाही.

घरी येऊन सरळ सांगितलं. उलटा नेसवला मी तुम्हाला. चुण्या मागे असतात.

वाटलं होतं, हसतील. म्हणाले,

"तू चुकलीस म्हणतेस? लिहून ठेव तारीख."

मी म्हटलं, लिहिणारच आहे. मग विचारलं, आता नीट घालून एकदा जाऊन येऊ या का, मी पण येते. तेव्हा बोलले. इतकं सलग मार्च महिन्यात पहिल्यांदाच. शब्द असे:

"पॅन्टचं काही नव्हतं गं. त्या दिवशी वाचनालयात तू बोललीस. तुझ्याबरोबर मी बाहेर येणार नाही."

२० नोव्हेंबर. नळी कायमची हे कळल्यानंतरचा आठवडा. वाचनालयात पिशवीची तोटी अर्धवट उघडी राहिली, पायाशी सांडलं. मी म्हटलं होतं, दहा वेळा सांगितलं तोटी नीट बंद करत जा, लहान मूल आहात का. मोठ्याने म्हटलं असेन. माझा आवाज तसाच आहे. पण मराठीत. या गावात इतकी वर्षं दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात आपण मराठीत बोलतो, कोणाला कळत नाही. त्या भरवशावरच बोलले.

शेल्फच्या पलीकडे दोन मराठी मुलं होती म्हणे. विद्यापीठात संशोधन करणारी, एक मुलगा, एक मुलगी. मी वाकून कागदी रुमालांनी फरशी पुसत होते, मला दिसली नाहीत. ह्यांना दिसली. मुलगी पुस्तक न घेताच वळून निघून गेली.

चार महिने. आणि मी पॅन्टवर पॅन्ट आणत होते.

२७ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही.

२९ मार्च, शनिवार

दु. योस्त आला. मी बोलावलं नव्हतं. दुकान बंद करून येताना चामड्याची कमरेची पिशवी घेऊन आला, जुन्या मालात आलेली. ह्यांच्याशी हस्तांदोलन. मी आत चहा करायला गेले. दार लोटलं.

आतून ऐकू येत होतं. आधी योस्तचाच आवाज. मग ह्यांचा. मग दोघांचा. मग हसणं. ह्यांचं हसणं खोकल्यासारखं असतं, आधी मला खोकलाच वाटला. चहा उकळून कडू झाला, पुन्हा टाकला. नवा घेऊन गेले तर हे उभे. चुण्या मागे, पुढे सपाट, पिन, पिशवी. पिशवीत किल्ल्या आणि एक जादा पट्टी. योस्त म्हणत होता, प्रकाश, आता तुला तळ्यात उतरवलं तरी काही दिसणार नाही.

चहा पिऊन दोघे दुकानात गेले. मिक्सर दुरुस्तीला माणूस नाही म्हणे.

किती वाजता येणार ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं होतं.

घरात आवाज म्हणजे फ्रीजचा. इतका मोठा आहे तो हे माहीत नव्हतं.

२ एप्रिल, बुधवार

मी बाजारातून आले तर हे निघाले होते. चिठ्ठी: "दुकानात. १ वा. येतो." पावणेतीनला आले. गाल लाल. एक टोस्टर चालू केला, एक मेला. जेवताना टोस्टरबद्दल बोलले. माझ्याशी नाही म्हणता येणार, पण मी तिथे असताना.

किल्टची चुणी मोडली होती. इस्त्री तापवली तर म्हणाले, मी करतो. केली. वाईट केली. मी पाहत उभी राहिले आणि काही म्हटलं नाही. हे इथे नोंदवते, कारण दुसऱ्या कोणाला हे काय आहे ते कळणार नाही.

४ एप्रिल

मराइके खूश. पोटऱ्यांत फरक आहे म्हणाली. जाताना माझा हात धरून म्हणाली, तुम्ही किती केलंत. दार लावलं आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिले.

मुक्ताला फोटो हवा आहे. ह्यांनी स्वतः काढून पाठवला, आरशातला. तिने मला फोन करून सांगितलं, बाबा काय भारी दिसतात. मग ढकललेलं बरं झालं ना, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. यादीचं तिने काढलं नाही, मीही नाही.

६ एप्रिल, रविवार

मंडळाचा पाडवा, शेजारच्या गावातल्या हॉलमध्ये. एक आठवडा उशिरा, हॉल मिळाला तेव्हा. हे दुकानातल्या लोकांबरोबर सायकल दुरुस्तीला, म्हणून एकटी बसने. ओळखीचे कमी झाले आहेत. सगळी पुण्याची आयटीतली तरुण जोडपी, मुलांच्या मागे धावणारी. श्रीखंड बरं होतं. कोपऱ्यात खुर्ची धरून बसले.

एक मुलगी पाणी घेऊन आली. ऋचा. वनस्पतीशास्त्र. मीही त्यातलीच, म्हणून बोलणं सुरू झालं. गाव सांगितलं, प्रयोगशाळा सांगितली. मग तिने विचारलं, काका कसे आहेत? मी काकांचं काही सांगितलंच नव्हतं. तिच्याकडे पाहिलं. ती लाल झाली.

"काकू, आम्ही तेव्हा काही ऐकलं नाही."

मी म्हटलं, ऐकलंस, आणि तू निघून गेलीस ते बरोबर केलंस. ती रडवेली झाली. म्हणाली, मला कळेना मदतीला यावं की जावं. माझे आजोबाही असेच आहेत, तिकडे आई त्यांना असंच बोलते. मी तिला श्रीखंड खायला सांगितलं. दुसरं काय सांगणार.

परतीच्या बसमध्ये सबंध वेळ विचार केला, पोर भली आहे. ह्यांनी त्या दोघांचं सांगितलं नसतं तर मला काही कळलंच नसतं. मी अजून पॅन्टच शोधत असते, आणि ह्यांना भित्रे समजत असते.

ठरवलं: घराबाहेर मराठीत बोलायचं नाही. निदान ह्यांच्याशी.

९ एप्रिल, बुधवार

पार्सल. माझं समजून उघडलं. सुती किल्ट, खिसेवाला, विटकरी रंग. मापं ह्यांनीच घेतली, ह्यांनीच मागवला. बेंबी ९९. म्हणजे एक सेंटिमीटर कमावलं.

पुन्हा डब्यात घालून, चिकटपट्टी लावून ठेवला. आल्यावर ह्यांनी उघडला, मला दाखवला नाही, पण माझ्यासमोर उघडला. विटकरी रंग मी घेतला नसता. शोभतो.

११ एप्रिल, शुक्रवार

आज मी बोलले. दु. चारला, चहा ठेवून, उभ्यानेच. वाक्य आधी मनात तयार केलं होतं, तसंच म्हटलं: "वाचनालयात माझं चुकलं. लोक असोत नसोत, तसं बोलायला नको होतं."

ह्यांनी पेपरवरून वर पाहिलं. "हं," म्हणाले.

मी थांबले. ह्यांनी पान उलटलं. ह्यांच्या "हं"चे मला चार अर्थ माहीत आहेत. हा त्यातला नव्हता.

चहा मात्र संपवला.

१३ एप्रिल, रविवार

उजाडलेलं छान. हे स. दहाला विटकरी किल्ट घालून निघाले. कुठे ते सांगितलं नाही. दुकान रविवारी बंद. मी पंधरा मिनिटं भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासते आहे हे लक्षात आलं तेव्हा कोट घातला.

नदीच्या बांधावर सापडले. लांबून रंग दिसला. मी दोनशे पावलं मागे राहिले. मागून जाणं चांगलं नाही हे कळतं. पाय अडखळत नाही ना एवढंच पाहायचं होतं, असं स्वतःला सांगितलं. अडखळत नव्हता. चालताना मागच्या चुण्या उजवीकडे, डावीकडे. वारा होता, काही उडत नव्हतं. इतकी चांगली पाठ मी पुष्कळ दिवसांत पाहिली नव्हती. मागून पाहिलंच नव्हतं कधी. आम्ही शेजारी शेजारी चालायचो.

बांधावर मेंढ्यांसाठी फाटक आहे, सोडलं की आपोआप लागतं. हे उघडून पलीकडे गेले आणि फाटक हाताने धरून उभे राहिले. तोंड नदीकडे. माझ्या मागून एक सायकलवाला येत होता. त्याच्यासाठी असेल. तो मला ओलांडून गेला, फाटकातून गेला, हात वर करून गेला. फाटक धरलेलंच.

दोनशे पावलं फार असतात. मी धावले नाही. गुडघा धावू देत नाही, आणि धावणं बरं दिसलं नसतं.

पोचले. मेंढ्यांपाशी एक बाई, दोन मुलं, कुत्रा. मराठी ओठांपर्यंत आली होती, गिळली, आणि डचमध्ये धन्यवाद म्हटलं, परक्या माणसाला म्हणतात तसं. त्यांनीही डचमध्येच, परक्या बाईला म्हणतात तसं, "काही हरकत नाही, मेव्राउ."

चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येत नाही. ऊन डोळ्यांत होतं.

फाटक सोडलं, पुढे चालू लागले. मी मागे. या वेळी वीसेक पावलं. वेग कमी होता. दमले असतील. पावणेपाच महिन्यांनी इतकं चालले, दमणारच.

की मी गाठावं म्हणून वेग कमी केला, ते विचारलं नाही.